उतारावरची वाकडी रेघ

"ओ ताई, बाजूला व्हा! चाकाखाली याल!"

हे त्याचं मला उद्देशून पहिलं वाक्य. आणि मी बाजूला झाले नाही, हे माझं त्याला पहिलं उत्तर.

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. मी उतारावर घोडी घेऊन उभी होते. घोडी म्हणजे लाकडाची हो! दोन लांब काठ्यांचे दोन पाय, मधे आडवी पट्टी, आणि शेंड्यापासून सुतळीला लटकलेला एक गुळगुळीत दगड. सुतळी पट्टीवरच्या खुणेशी येऊन थांबली, की समजायचं, दोन्ही पाय एका पातळीवर आहेत. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय उचलून पुढे फिरवायचा, पुन्हा सुतळी थांबायची वाट पाहायची. अशी खुंटीला खुंटी जोडत गेलं की उतारावर एक रेघ उमटते… उताराच्या पोटातून, कमरेवरून, वळसे घेत जाणारी, पण सगळी एका पातळीतली. त्या रेघेवर चर काढायचा, चराच्या कडेनं झाडं लावायची. शेवगा, तुती. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात मका. वरून उड्या मारत येणारं पाणी चरात बसतं, दम खातं, मुकाट्यानं जमिनीत मुरतं. आणि झाडांची मुळं मातीला मुठीत धरून ठेवतात.

तर माझ्या या ताज्या खुंट्यांवर एक भलामोठा लाल ट्रॅक्टर, नांगर खाली सोडून, उतारानं थेट खाली यायला निघाला होता!

मी दोन्ही हात पसरून त्याच्यापुढे उभी राहिले.

ब्रेक करकरला. धूळ उठली. धुळीतून एक चेहरा बाहेर आला — कपाळावर घाम, भुवयांवर माती, आणि डोळे असे की… नको. डोळ्यांचं नंतर.

"अहो, आडव्या काय येता?"

"या उतारावर सगळं आडवंच येतं," मी म्हटलं. "उभी नांगरट इथे चालत नाही. आणि तुम्हाला बोलावलंय कुणी?"

"ओढ्याकडच्या शेतात नांगरट आहे, असा निरोप होता."

"ते ओढ्याच्या पलीकडचं. हे अलीकडचं."

त्यानं ओढ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कानापासून सुरू होऊन मानेपर्यंत तो हळूहळू लाल होत गेला. पण हार मानणाऱ्यातला नव्हता.

"आणि या खुंट्या कुणी ठोकल्या? झोपेत?"

"मी ठोकल्या. चांगली जागी होते."

"वाकड्या आहेत."

"वाकड्याच हव्यात. पाणी तुमच्यासारखं नाकासमोर चालायला लागलं, तर जाताना माती सोबत घेऊन जातं."

तो हसला. मग मान ताठ करून म्हणाला, "मला ओळंबा म्हणतात इकडे. माझी सरी बघून गवंडी भिंत बांधतात."

नाव मी ऐकून होते. नांगरटीच्या शर्यतीत दर वर्षी पहिला येणारा ओळंबा. त्याची सरी म्हणजे ताणलेली दोरी.

"ओळंबा माझ्याकडेही आहे," मी घोडीच्या दगडाला बोटानं हलवलं. "फार गुणी आहे. बोलत नाही."

त्यानं नांगर उचलला, ट्रॅक्टर वळवला, आणि जाता जाता दोनदा मागे वळून पाहिलं. सरळ चालणाऱ्या माणसाला मागे वळून पाहायची सवय नसावी. दुसऱ्या वेळी चाक दगडावर चढलं.

*

मी गर्विष्ठ आहे, असं लोक म्हणतात. आहेच. त्या उतारावरच्या वरच्या दोन ओळी मी एकटीनं, कुदळीनं, अख्खी थंडी खणल्या होत्या. तळहाताचे फोड फुटले, पुन्हा आले, मग हातानंच हार मानली आणि कातडी जाड केली. त्या ओळीतला शेवगा आता माझ्या डोक्यावर गेला होता. तुतीच्या फांद्यांत पाखरं भांडत होती. ते बघताना माझी छाती फुगायची, ती का लपवू?

पण खालची लांब ओळ उरली होती. रस्त्यालगतची, सगळ्यात महत्त्वाची. आणि तिला वेळ नव्हता.

आई-बाबा गेल्यावर मला काकांनी आणि आत्यानं वाढवलं. काका मनानं लोणी, पण उताराचं नाव काढलं की दगड. दर पावसाळ्यात उतारावरची माती खालच्या रस्त्यावर यायची, गाड्या रुतायच्या, लोक काकांच्या नावानं शिमगा करायचे, आणि काका फावडं घेऊन चिखल उपसायचे.

"शेत आहे की घसरगुंडी!" ते म्हणायचे. "यंदा शेवटचं. यंदा माती रस्त्यावर उतरली, की तुझी झाडं निघाली. खडीवाला तयारच आहे. फोडू दे त्याला दगड."

"आणि नाही उतरली तर?"

"तर मी मिशी काढीन."

"काका, तुम्हाला मिशी नाही."

"म्हणूनच तर म्हणतोय!"

ही ओळ नांगरानं काढायला मी ज्या ज्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, तो हसला. नाचता येईना अंगण वाकडं, असं एकजण तोंडावर म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाल ट्रॅक्टर उताराच्या पायथ्याशी येऊन थांबला.

"आज तरी बरोबर शेतात आलात का?" मी वरून विचारलं.

"आज बरोबरच आलोय," तो म्हणाला. "ती… म्हणजे, तुमची ती ओळ. कुणी काढून देत नाही म्हणे."

"कोण म्हणे?"

"सगळेच म्हणे. मी काढून देतो. पण आधी ती घोडी शिकवायची."

मी खाली उतरले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते लक्षात येईना. चहाची किटली घेऊन आलेल्या आत्याच्या मात्र लगेच लक्षात आलं. तिनं कप त्याच्या हातात दिला, आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "काल 'ताई, ताई' करत होता म्हणालीस ना? आज ताई कुठे गेली गं?"

खरंच. आज त्यानं ताई म्हटलं नव्हतं. ते वाक्य ताईपाशी येऊन अडखळलं होतं आणि वळसा घालून पुढे गेलं होतं.

*

घोडी एकट्यानं चालवता येते, दोघांनी चालवली तर मजा येते. एका पायाशी तो, दुसऱ्याशी मी. पाय टेकवायचा, आणि सुतळी शांत होईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात करायला काहीच नसतं… समोर पाहण्याशिवाय.

आता डोळ्यांचं सांगते. ओल्या मातीच्या रंगाचे होते. नांगरानं नुकत्याच उलथलेल्या.

"थांबली सुतळी," मी म्हणायची.

"नाही, अजून हलतेय. वारा आहे."

"कुठे आहे वारा?"

"येईल."

आत्या बांधावर बसून शेंगा सोलत असायची आणि सोलता सोलता कवनं जुळवायची. तिला तो नादच होता. मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात—

"नांगर चाले नीट, सरीमागं सरी गं,
नजर चाले वाकडी, घिरट्या घाली घरी गं!"

"आत्या!"

"मी शेंगांना म्हणतेय, बाई. शेंगांना."

तो खाली मान घालून खुंटी ठोकायचा. एकदा खुंटी सोडून अंगठ्यावर ठोकली. मी त्याचा अंगठा धरून किटलीतलं पाणी ओतलं, पाणी संपलं, तरी हात सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही…

"तुम्हाला वाकडं एवढं का आवडतं?" त्यानं विचारलं.

"मला वाकडं नाही आवडत. मला उताराचं ऐकायला आवडतं. तो जसा वळतो, तशी रेघ वळते. तुमची सरळ सरी कुणाचं ऐकते?"

त्यानं हातातली खुंटी मातीत फिरवली. मग म्हणाला, "माझे वडील बैलांनी सरळ सरी काढायचे. लोक रस्त्यावर थांबून बघायचे. मी लहान होतो, पण मी कोणाचा मुलगा आहे ते मला तेव्हा कळलं. सरळ सरी कुणाचं ऐकत नसेल… पण ती मला माझं घर वाटते."

मी घोडीचा पाय उचलून पुढे फिरवला.

खुंट्या पुऱ्या झाल्या. ज्या दिवशी नांगर लागणार होता, त्या दिवशी मी रोपं आणायला रोपवाटिकेत गेले. संध्याकाळी परतले, तर ओळ तयार! काळ्याभोर मातीची, ओली, चमकणारी सरी उतारावर पसरली होती. तो ट्रॅक्टरला टेकून उभा होता. मी सरी पाहिली, मग सरी काढणारा पाहिला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर सरीकडे पुन्हा पाहायचं राहूनच गेलं.

"कशी झालीय?" त्यानं विचारलं. आवाज जरा विचित्र होता. मला वाटलं, दमलाय.

"देखणी," मी म्हटलं.

*

रोपं मी त्या सरीच्या भरवशावर, घोडी पुन्हा न लावता लावली, आणि पावसाळा सुरू होऊन महिना उलटला. छोटे-मोठे पाऊस चरांनी लीलया पचवले. मका गुडघ्याला लागला. काका रोज रस्त्यावर चक्कर मारून यायचे आणि काही न बोलता जेवायला बसायचे. माझ्यासाठी ते शाबासकीसारखंच होतं.

मग एका दुपारी आभाळ फुटलं. सरीवर सर, सरीवर सर… अंगणातलं झाड दिसेना, शेजाऱ्याची हाक ऐकू येईना. मी खिडकीशी उभी राहून मनातल्या मनात एकेक ओळ धरून ठेवत होते. पहिली धरली. दुसरी धरली. तिसरी…

पाऊस ओसरताच धावले.

रस्त्यावर माती आली होती. एका जागी, गाडीभर. खालच्या ओळीला मधोमध भगदाड पडलं होतं, आणि त्यातून चिखलाची एक जीभ रस्त्यापर्यंत लोंबत होती. चार-सहा रोपं उताणी पडली होती, मुळं आभाळाकडे करून.

लोक जमले. कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. काका फावडं टेकवून उभे होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "ठरलं होतं."

"हो काका. ठरलं होतं." माझा आवाज कापला नाही, याचाही मला अभिमान आहे. "काढा झाडं."

आतून मात्र सगळं कोसळत होतं. माझी घोडी खोटं बोलली? मी कुठे चुकले? प्रत्येक खुंटी मी स्वतः पाहिली होती…

"झाडं काढू नका!"

तो रस्त्यानं पळत येत होता. पायात चप्पल एकच, दुसरी चिखलानं ठेवून घेतली होती. गर्दीतून वाट काढत तो काकांसमोर येऊन उभा राहिला. धापा टाकत होता, पण बोलला तो सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"यांची काही चूक नाही. हे माझं काम आहे. मधे ती खळगी आहे ना, तिथे यांच्या खुंट्या वर चढून वळसा घेत होत्या. मी तो वळसा घेतलाच नाही. सरळ निघून गेलो, आणि खुंट्या उपटून टाकल्या."

"का रे बाबा?" काकांनी विचारलं.

"कारण तेवढाच तुकडा रस्त्यावरून दिसतो." "येणारे-जाणारे म्हणतील, ओळंब्याची सरी वाकडी. ते मला सोसवेना. नावासाठी केलं. माझ्या नावासाठी."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ओळंबा वाकला रे!" आणि हशा पिकला. पुढच्याच आठवड्यात नांगरटीची शर्यत होती. तो गप्प राहिला असता, तर कुणाला कळलं नसतं. मलासुद्धा नाही. मी आयुष्यभर माझ्या घोडीवर संशय घेत बसले असते. पण तो मान खाली न घालता तो हशा अंगावर घेत उभा होता, एका चपलेवर… आणि माझ्या छातीत रागाबरोबर आणखी काहीतरी उसळत होतं, ज्याला मी तेव्हा नाव दिलं नाही.

काका फावडं खांद्यावर टाकून ओळीच्या कडेनं चालू लागले. आम्ही सगळे मागोमाग. भगदाडाच्या अलीकडे चर काठोकाठ भरला होता. पाणी संथ, आभाळ पोटात घेऊन पडलेलं. भगदाडाच्या पलीकडेही तसंच. वरची ओळ तशीच, त्यावरची तशीच. तुतीच्या बुंध्याशी पाला-पाचोळा अडकून मातीचा छोटा बांध तयार झाला होता. त्या उतारावर जिथे जिथे रेघ वाकडी होती, तिथे मूठभर माती हलली नव्हती. फुटलं होतं ते फक्त जिथे सरळ होतं.

काका खाली बसले. चराच्या काठची माती चिमटीत घेऊन चुरली. माझ्या आठवणीत त्यांनी त्या उताराला प्रेमानं हात लावायची ती पहिलीच वेळ.

"बघतोस काय?" ते त्याच्यावर खेकसले. "जा, ते सरळ आधी वाकडं कर!"

"आणि खडीवाला?" मी विचारलं.

"त्याला म्हणावं, दगड दुसरीकडे शोध. इथे माती आहे."

*

लोक पांगले. आम्ही दोघं भगदाडापाशी उरलो.

"माझ्या रेघेला हात लावलास?" मी म्हटलं.

"हो."

"मला न विचारता?"

"हो."

"आणि मी 'देखणी' म्हटलं, तेव्हा बोलला नाहीस!"

"तेव्हाच बोलायचं होतं. पण तू… तुम्ही इतक्या खूश होता…" तो थांबला. "तुम्ही आत्ता मला 'तू' म्हणालात."

"रागानं म्हणाले."

"राग गेल्यावरही म्हणा. जमलं तर."

मी त्याच्या हातात कुदळ ठेवली. "ट्रॅक्टर आणायचा नाही. वळसा हातानं खणायचा. मी घोडी धरते."

तो रोज आला. शर्यतीच्या दिवशीसुद्धा. मैदानावरचे भोंगे दूरवरून ऐकू येत होते. त्यानं एकदा तिकडे पाहिलं, हातावर थुंकी घेतली आणि पुन्हा कुदळ उचलली. त्याच्या तळहाताला फोड आले. मी ते पाहिले, आणि माझा जाड झालेला तळहात त्याच्या तळहाताशेजारी धरला. त्यानं बराच वेळ दोन्ही हात पाहिले.

"हे तू एकटीनं केलंस," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. जगात कुणी माझं एवढं मोठं कौतुक केलं नव्हतं.

नवीन वळशावर आम्ही तुती लावली. तिनं पान धरलं, त्या दिवशी माझा राग संपलाय हे माझ्या लक्षात आलं. 'तू' मात्र राहिलं.

*

पाऊस गेला. आसपासच्या विहिरी तळ दाखवू लागल्या, तरी आमची उताराखालची विहीर कमरेइतकं पाणी धरून होती. मका कापून झाला. शेवग्याला शेंगा लागल्या. आणि एके सकाळी डोंगरापलीकडची शेतकरी मंडळी, बाया आणि बाप्ये, उतार पाहायला आली. त्यांचीही माती दर वर्षी वाहून जात होती.

काका त्यांना घेऊन फिरत होते. धुतलेला सदरा, हातात काठी, आवाज सभेतला.

"हे सगळं आमच्या पोरीनं आखलंय. स्वतः. कुणी शिकवायला आलं नव्हतं. लोक हसायचे!" हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे आपण होतो, हे सांगायचं ते विसरले, आणि मी आठवण करून दिली नाही.

खालच्या ओळीत तो उकिडवा बसून एका म्हाताऱ्या बाईला माती दाखवत होता. वळशापाशी ती कशी भुसभुशीत झालीय, गांडुळं कशी आलीत, बोट कसं आपसूक आत जातं. आता अख्ख्या पट्ट्यातून त्यालाच बोलावणं यायचं, वाकडी सरी काढायला. जाईल तिथे आधी सांगायचा, "रेघ तिनं शिकवलीय."

"आणि हे कोण?" त्या बाईनं काकांना विचारलं.

"हे ना… हे आमचे…" काका अडखळले. ट्रॅक्टरवाले म्हणावं, तर ट्रॅक्टर घरी होता. पाहुणे म्हणावं, तर तो रोज येत होता. मित्र म्हणावं, तर कुणाचा? काकांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पदराआड हसू लपवत माझ्याकडे पाहिलं. सगळी मंडळी माझ्याकडे पाहू लागली. तो मात्र मातीकडे पाहत होता, कानापासून मानेपर्यंत लाल.

एका माणसानं सगळ्यांसमोर खरं बोलून माझं शेत वाचवलं होतं. मग मी का चार भिंतींआड बोलू?

"जावई म्हणा, काका," मी म्हटलं.

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग काठी उंचावून, घसा खाकरून, सभेतल्या आवाजात म्हणाले, "हे आमचे जावई! चला, आता वरची ओळ बघू. दमानं, दमानं चढा." आणि मंडळींना घेऊन निघालेसुद्धा. आत्या मागे रेंगाळत होती, तिलाही त्यांनी ओढत नेलं.

तो अजून उकिडवाच होता. हातातली माती बोटांतून सांडत होती.

"मला कुणी विचारलं?" त्यानं हळूच म्हटलं.

"आता विचारते. चालेल?"

तो उठला. हात पँटला पुसायला गेला, मग विचार बदलला, आणि तसाच मातीचा हात माझ्या हातात दिला.

"चालेल काय…" तो म्हणाला, "पळेल!"

वरच्या ओळीतून काका कुणाकुणाला अडवून सांगत होते, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं, "जावई आहेत आमचे! जावई!"